सर्वधर्मपरिषद आणि आपला उंबरठा

व्याख्यानमालेच्या चालकांनी 'जागतिक ऐक्य आणि धर्मसहिष्णुता' हा विषय आम्हांस सुचविला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. विषय मोठा आणि वक्ता लहान. आमचे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यातल्या लेथवर आणि युनियनच्या कचेरीतील जुन्या कपाटात जी पुस्तके सापडली त्यांवर. वेदान्त, बायबल, सूफीमत यांवर अधिकाराने बोलावे अशी आमची योग्यता नाही. पण चालक म्हणाले, "माणसे एकत्र आणणे हेच तुमचे काम. त्यात काय अनुभव आला ते सांगा." हे मात्र आम्हांस पटले. माणसे एकत्र आणणे किती कष्टाचे आणि ती फुटणे किती सोपे, हे तीस वर्षे आम्ही पाहत आलो आहोत. तेव्हा तत्त्वज्ञान पंडितांकडे सोपवून, इतिहासातील एक वर्ष आणि दोन शहरे यांच्या आधाराने आज आम्ही बोलणार आहोत. वर्ष १८९३, आणि शहरे शिकागो व मुंबई.

शिकागोत त्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरले होते. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला त्याला चारशे वर्षे झाली, त्याचा हा उत्सव. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास प्रवेश नोंदले गेले. विजेचे दिवे, नवी यंत्रे, उंच फिरते चक्र, देशोदेशीचा माल, अशी सारी समृद्धी तेथे मांडलेली होती. चार्ल्स बॉनी नावाच्या एका वकिलाच्या मनात आले की, जगातील यंत्रे आणि धान्ये एका जागी मांडता येतात, तर जगातील धर्म एका जागी का बसू नयेत? त्यातून सर्वधर्मपरिषद उभी राहिली. जॉन हेन्री बॅरोज या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने तिचा कारभार पाहिला. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सकाळी दहा मोठ्या धर्मांच्या नावाने घंटेचे दहा ठोके पडले आणि परिषद सुरू झाली. ती २७ तारखेपर्यंत, म्हणजे सतरा दिवस चालली.

त्या व्यासपीठावर आपल्या देशातील माणसे कोण कोण होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. स्वामी विवेकानंदांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, आणि ते योग्यच आहे. पण जैनांचे वीरचंद गांधी तेथे होते. ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मजुमदार होते आणि मुंबईचे नगरकरही होते. शेजारच्या सिलोनमधून बौद्धांचे धर्मपाल आले होते. इस्लामची बाजू मांडण्यास अलेक्झांडर वेब हा अमेरिकन गृहस्थ उभा राहिला. तो मूळचा ख्रिस्ती, पुढे मुसलमान झालेला, आणि आदल्याच वर्षी मुंबईस व्याख्यान देऊन गेलेला. इतक्या धर्मांची माणसे एका छपराखाली बसली, एकमेकांचे ऐकून घेतले, आणि आपापल्या धर्मात परत गेली. धर्माच्या नावाने शतकानुशतके लढाया पाहिलेल्या जगात ही गोष्ट लहान नव्हती. म्हणून त्या परिषदेचा उपहास करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण कोणत्याही सभेची परीक्षा करताना आम्ही युनियनवाले एक प्रश्न नेहमी विचारतो. सभेत कोण होते हे तर समजले. दाराबाहेर कोण राहिले?

इंग्लंडच्या मुख्य धर्मगुरूंनी, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, येण्याचे नाकारले. खरा धर्म एकच असता तो इतरांच्या पंक्तीला कसा बसवावा, ही त्यांची अडचण. तुर्कस्तानच्या सुलतानालाही परिषद मान्य नव्हती. ही मंडळी आपण होऊन बाहेर राहिली. परंतु काही जणांना कोणी बोलावलेच नाही. ज्यांच्या भूमीवर हे प्रदर्शन भरले होते त्या मूळच्या रहिवाशांचे, ज्यांना आपण तांबडे इंडियन म्हणत आलो त्यांचे, धर्म त्या दहा ठोक्यांत मोजलेले नव्हते. काळ्या लोकांतून फॅनी बॅरियर विल्यम्स या बाईंसारखे एखाददुसरे वक्ते तेवढे बोलले. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळून स्वतंत्र झालेला थोर पुरुष त्या प्रदर्शनात होता. पण तो अमेरिकेचा म्हणून नव्हे, तर हैती या काळ्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून. प्रदर्शनात काळ्या अमेरिकनांना स्थान का नाही, हे सांगणारी एक पुस्तिका त्याने आणि आयडा वेल्स या पत्रकार बाईंनी मिळून तेथेच वाटली.

विवेकानंदांनाही या दाराचा अनुभव आला होता. जवळ ओळखपत्र नाही, पैसे संपत आलेले. हार्वर्डचे प्राध्यापक राइट यांनी शिफारस दिली म्हणून प्रवेश मिळाला. चरित्रकार सांगतात की, परिषदेपूर्वीची एक रात्र त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर एका रिकाम्या पेटाऱ्यात काढली, आणि दुसऱ्या दिवशी दारोदार विचारीत फिरताना कित्येक दारे त्यांच्या तोंडावर बंद झाली. शेवटी हेल नावाच्या एका बाईंनी त्यांना घरात घेतले. आम्हांस त्यांच्या पहिल्या दिवसाच्या भाषणाइतकेच २० सप्टेंबरचे छोटे भाषण मोलाचे वाटते. हिंदुस्थानला आज धर्माची वाण नाही, भाकरीची आहे. उपाशी माणसाला धर्म शिकविणे हा त्याचा अपमान आहे, अशा आशयाचे ते बोलले. पेटाऱ्यात रात्र काढलेल्या माणसालाच हे सुचावे.

आता सभागृहाच्या बाहेर येऊ. शिकागोचे नाव निघाले की कामगाराला धर्मपरिषदेच्या आधी दुसरे काही आठवते. १ मे १८८६ रोजी याच शहरात आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी काम बंद केले. ३ तारखेस पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या. ४ तारखेस हेमार्केट चौकातील सभेत कोणी तरी बाँब टाकला. पोलीस मेले, कामगारही मेले. बाँब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, पण आठ पुढाऱ्यांना दोषी ठरविण्यात आले. पार्सन्स, स्पाइझ, फिशर आणि एंगेल हे चौघे ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर गेले. लिंग याने आदल्या दिवशी तुरुंगात जीव दिला. उरलेल्या तिघांची सुटका इलिनॉय राज्याचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी २६ जून १८९३ रोजी केली, आणि खटला न्यायाने चालला नव्हता असे स्वच्छ लिहून ठेवले. म्हणजे परिषदेच्या अगदी अडीच महिने आधी!

त्या आठ जणांची जन्मस्थाने पाहा. पाच जण जर्मनीत जन्मलेले. फील्डन इंग्लंडमधला, लहानपणी लँकेशायरच्या कापडगिरणीत राबलेला. दोघे अमेरिकेतले. त्यांना एकत्र आणण्यासाठी कोणाला घंटा वाजवावी लागली नव्हती. एकाच शहरात कष्टकऱ्यांच्या चळवळीत ती एकत्र आली होती. याचा अर्थ कामगार झाला की माणूस आपोआप भेदाच्या पलीकडे जातो, असा मात्र कोणी घेऊ नये. आमच्या चळवळीत असे मानण्याची फार जुनी खोड आहे, आणि त्या भ्रमाची किंमत आम्ही वारंवार मोजली आहे. तीच गोष्ट सांगण्यासाठी आता मुंबईकडे वळतो.

विवेकानंद ज्या बोटीने निघाले ती ३१ मे १८९३ रोजी मुंबई बंदरातून सुटली. त्यानंतर अडीच महिनेही झाले नसतील, तोच ११ ऑगस्टला, शुक्रवारी, याच मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल उसळली. काठेवाडात प्रभासपाटण येथे मोहरमच्या वेळी दंगा झाला होता. त्याच्या बातम्या आणि बातम्यांहून मोठ्या झालेल्या अफवा शहरात फिरत होत्या. गोरक्षणाच्या चळवळीने दोन्हीकडची मने आधीच तापलेली होती. जुम्मा मशिदीच्या परिसरात ठिणगी पडली आणि दुसऱ्या दिवशी गिरण्यांतले मजूरही दंगलीत उतरले. लष्कर बोलवावे लागले. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे देतात. पाऊणशे ते शंभर माणसे प्राणास मुकली.

श्रोतेहो, त्या गिरणी-मजुरांची गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली आहे. कारण याच गिरणगावाने त्याआधी नऊ वर्षे एक निराळाच धडा घालून दिला होता. ठाण्यात जन्मलेले, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला मजुरांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या. आठवड्यास एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार मजूर जमले. त्या सभेत दोन मजूर स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. ही सुटी सर्व जातींची, सर्व धर्मांची. मुसलमान साचेवाल्याचा प्रार्थनेचा दिवस शुक्रवार, हिंदू मजुराचे वार निराळे. पण विसावा सर्वांना एकाच दिवशी मिळाला आणि कोणाचाही धर्म त्यामुळे बुडाला नाही.

आणि तीन वर्षांनी त्याच गिरणगावातून मजूर दगड घेऊन बाहेर पडले! असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुष्कळ शोधले. आम्हांस वाटते ते असे. मजूर सुटीसाठी एकत्र आले होते, एकमेकांसाठी नव्हे. मागणी मान्य झाली, अर्जाचे काम संपले, आणि प्रत्येक जण आपापल्या चाळीत, आपल्या गाववाल्यांत, आपल्या जातीच्या गाळ्यात परत गेला. ज्या दिवशी अफवा आली त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत जाऊन "हे खरे आहे काय?" असे विचारता येईल इतकी ओळख कोणाची नव्हती. अफवेला वाव मिळतो तो अशा न ओलांडलेल्या गल्ल्यांतून.

लोखंडे मात्र त्या दिवसांत स्वस्थ बसले नाहीत. दंगलीत शांतता राखण्यासाठी त्यांनी जी धडपड केली तिच्याबद्दल सरकारने १८९५ साली त्यांना रावबहादूर हा किताब दिला. सरकारी किताबाचे आम्हांस विशेष कौतुक नाही. पण पुढे प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णांची सेवा करता करताच त्या रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांना गाठले, ही गोष्ट कोणत्याही किताबाहून मोठी आहे. रोगी कोणत्या जातीचा हे प्लेग विचारीत नव्हता. सेवा करणाऱ्यानेही विचारले नाही.

आता पुन्हा एकदा शिकागोस जाऊ, कारण कामगारांच्या ऐक्याची दुसरी परीक्षा तेथे लगेच झाली. धर्मपरिषद भरली त्याच वर्षी जूनमध्ये, त्याच शहरात, अमेरिकन रेल्वे युनियन स्थापन झाली. यूजीन डेब्ज तिचे पुढारी. ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाला असा भेद न करता रेल्वेच्या सर्व कामगारांची एकच संघटना करावी, ही मोठी कल्पना. १८९३ च्या मंदीने बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. प्रदर्शनाचे दिवे विझल्यावर त्या हिवाळ्यात शिकागोचे बेकार लोक नगरपालिकेच्या इमारतीच्या ओसऱ्यांवर झोपत होते. शहराजवळच पुलमन या रेल्वे-डब्यांच्या कंपनीने मजुरी कापली, पण कंपनीच्या चाळींचे भाडे मात्र कापले नाही. मे १८९४ मध्ये संप झाला. जूनमध्ये युनियनने पुलमनचे डबे ओढण्यास नकार दिला आणि अनेक राज्यांतील रेल्वे थांबली.

त्याच जून महिन्यात युनियनची परिषद भरली होती आणि तिच्यापुढे एक ठराव होता: काळ्या कामगारांना सभासद करून घ्यावे काय? डेब्ज म्हणाले, घ्यावे. प्रतिनिधींनी थोड्या मतांच्या फरकाने नाही म्हटले. युनियनच्या घटनेत गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्यांनाच दार उघडे राहिले. पुलमनच्या शयनडब्यांत प्रवाशांची अंथरुणे घालणारे आणि बूट पुसणारे हजारो नोकर तर काळेच होते. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारीत नसत. मालक जॉर्ज पुलमन, म्हणून प्रत्येक नोकरही 'जॉर्ज'! हे लोक संपाच्या दाराबाहेर राहिले. सरकारने फौज आणली, डेब्ज तुरुंगात गेले, संप मोडला. संप मोडण्याची कारणे पुष्कळ होती, आणि त्यांतले सर्वांत मोठे कारण फौज हेच होते. पण ज्यांना आपण बंधू म्हटले नाही ते आपल्या लढ्यात का उभे राहतील, हा प्रश्न डेब्ज यांनाही पुढे छळीत राहिला.

या काळ्या नोकरांना न्याय मिळाला तो कधी? १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांनी त्यांची स्वतःची युनियन काढली. बारा वर्षे झगडून १९३७ साली त्यांनी पुलमन कंपनीस करारावर सही करावयास लावली. १८९४ पासून १९३७ पर्यंत मोजा. त्रेचाळीस वर्षे भरतात. थोड्या मतांनी लावलेले दार उघडावयास माणसाची एक पिढी उलटून जावी लागली.

अमेरिकेला नावे ठेवून आपण मोकळे होऊ, असे कोणास वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांत साचेखाते होते. तेथे पगार जास्त. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगाराला साचेखात्यात पाऊल ठेवू देत नसत. त्याने रिंगखात्यातल्या कमी मजुरीवर राहावे. हा नियम मालकाने छापलेला नव्हता. तो आम्हां कामगारांचाच होता. हिंदू आणि मुसलमान साचेवाले एरवी भांडत असतील, पण या बाबतीत बहुतेकांची मूक संमती होती.

१९२८ साली मुंबईच्या दीड लाखांच्या घरातील गिरणी-कामगारांचा प्रचंड संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद. जगातील कामगारांच्या एकीच्या घोषणा तेव्हा रोज होत होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना विचारले की, साचेखात्याचे दार आमच्या माणसांना तुम्ही उघडणार आहात की नाही? नसाल, तर आम्ही या संपात का यावे? पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घातली. मालकांनी ती वाचून उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, तुमच्याच कामगारांचा आहे. चळवळीच्या इतिहासात मालकाने दिलेली उत्तरे आम्ही पुष्कळ वाचली आणि बहुतेकांना प्रत्युत्तरही दिले. या एका उत्तरापुढे मात्र आजही मान खाली घालावी लागते.

कोणी म्हणेल, मग परिषदा, ठराव, जाहीरनामे हे सारे व्यर्थ काय? नव्हे, तसे आमचे म्हणणे नाही. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, आपले ना. म. जोशी तेथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. त्याच संघटनेने १९५८ साली वंश, वर्ण, लिंग, धर्म यांवरून कामात भेद करू नये असा करार केला आणि भारताने तो १९६० साली मान्य केला. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तेव्हा पहिल्या कलमात जन्मतः समान कोण, हे सांगताना पुरुषवाचक शब्द घातला होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरून तेथे 'सर्व मानव' असा अर्थ होईल असा शब्द घालविला. एका शब्दाने निम्मी मनुष्यजात आत आली! कागदाचे असे सामर्थ्य असते. अन्याय झालेल्या माणसाला हातात धरावयास काही तरी लागते, आणि ते कागदच देतो. पण तो कागद दारापर्यंत घेऊन जाणारे पाय लागतात. ते पाय कमी पडले म्हणजे काय होते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि त्यात आमचाही दोष आहे.

१९९३ साली शिकागोच्या परिषदेस शंभर वर्षे झाली. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबई पुन्हा जळत होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मिळून नऊशे माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले. त्यांत मुसलमान अधिक होते, हिंदूही होते. आम्ही तेव्हा बाविशीत होतो. एका लहान कारखान्यात लेथवर उमेदवारी करून नुकतेच कायम झालो होतो आणि युनियनच्या कमिटीवरही आलो होतो. ज्यांनी आम्हांस लेथ शिकविला ते रत्नागिरीकडचे एक मुसलमान कारागीर होते. आम्ही सारे त्यांना उस्ताद म्हणत असू. हत्याराला धार कशी लावावी, मापात सुताचाही फरक कसा राहू नये, हे त्यांनी आमचा हात हातात धरून शिकविले. रमझानात रोजा सोडताना ते पहिला खजूर आमच्या हातावर ठेवीत.

जानेवारीत दंगल भडकली. कमिटीची तातडीची सभा झाली. आम्ही ठराव लिहिला. अक्षर बरे म्हणून लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. कामगारांची एकजूट, जगातील श्रमिकांचे बंधुत्व, धर्मांधतेचा धिक्कार, सारे त्यात होते. त्याच्या प्रती काढल्या, फाटकावर वाटल्या. उस्ताद राहत होते ती वस्ती कारखान्यापासून दोन मैलांवर. चार दिवस ते कामावर आले नाहीत. तेथे जावे असे आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात आले असेल, पण कोणी गेले नाही. भीती होती हे खरेच. परंतु भीतीपेक्षाही, ठराव केला म्हणजे आपले कर्तव्य झाले, अशी मनाची समजूत झाली होती, हे आज कबूल केले पाहिजे.

उस्ताद सुखरूप होते. महिनाभराने ते आले ते हिशेब घेण्यासाठीच. बायकामुलांना आधीच गावी पाठविले होते. कचेरीच्या बाकावर आमच्याशेजारी बसले. म्हणाले, "तुझा कागद वाचला, पोरा. चांगला लिहिलायस. पण त्या चार दिवसांत कोणी येऊन दार वाजवलं असतं ना, तर बरं वाटलं असतं." आवाजात राग नव्हता. जाताना स्वतःचा मायक्रोमीटर आम्हांस देऊन गेले. तो आजही आमच्याजवळ आहे. ती भेट शेवटचीच ठरली.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस शिकागोत सर्वधर्मपरिषद पुन्हा भरली. हजारो प्रतिनिधी आले. या वेळी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनाही तेथे स्थान होते, म्हणजे शंभर वर्षांत दार बरेच उघडले होते. हान्स क्यूंग या जर्मनीत काम करणाऱ्या धर्मपंडिताने तयार केलेला जागतिक नीतीचा जाहीरनामा तेथे मांडला गेला. हिंसा नको, न्याय्य अर्थव्यवस्था हवी, सहिष्णुता आणि सत्य हवे, स्त्रीपुरुष समान मानावे, असा त्याचा सारांश. आम्ही तो पुढे केव्हा तरी वाचला तेव्हा आम्हांस आमचाच ठराव आठवला. दोहोंतही चूक असे एक वाक्य नव्हते.

मग पाय कोठे चालले? त्याचे उत्तर मुंबईजवळच आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथे मागावर उत्तरेकडचा मुसलमान, तेलंगणातला पद्मशाली, आपल्याकडचा हिंदू, सारे काम करतात. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली ते गाव दंगलीत होरपळले. १९८८ साली तेथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. त्यांत मोठे पुढारी घेतले नाहीत. दुकानदार, माग चालविणारे, शेजारीपाजारी घेतले. या बैठकांतून नळाचे पाणी, तुंबलेली गटारे, किरकोळ भांडणे असले विषय निघत. विश्वबंधुत्वाचे नावही कोणी काढीत नसे. पण हिंदूला मुसलमानाचे दार आणि मुसलमानाला हिंदूचे दार ओळखीचे झाले. डिसेंबर १९९२ मध्ये आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता, दंगलींसाठीच ज्याचे नाव घेतले जाई ते भिवंडी शांत राहिले. अफवा तेथेही गेल्या असतील. पण "हे खरे आहे काय?" असे जाऊन विचारण्याची वाट तेथे चार वर्षे रोज तुडवली जात होती. १८९३ च्या गिरणगावाला हीच वाट नव्हती.

तेव्हा जागतिक ऐक्य म्हणजे काय, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही इतकेच सांगू. शिकागोच्या व्यासपीठावर जे बोलले गेले ते खरे होते, आणि आजही खरे आहे. परंतु ते आपल्या गावात, आपल्या कारखान्यात, आपल्या आळीत आणून लावण्याचे काम व्यासपीठाचे नाही. ते आपले आहे, आणि ते शांततेच्या दिवसांत करावे लागते. दंगलीच्या दिवशी ओळख करून घ्यावयास कोणी जाऊ शकत नाही.

आमच्या युनियनने उस्ताद गेल्यानंतर एक रिवाज घातला. गावात कोठे तणाव झाला तर ठराव दुसऱ्या दिवशी लिहावयाचा. पहिल्या दिवशी कमिटीतल्या दोघांनी, आणि ते दोघे शक्यतो निरनिराळ्या धर्माचे किंवा जातीचे, ज्या सभासदाला धोका असेल त्याच्या घरी जाऊन यावयाचे. कधी गेल्यावर कळते की काही झालेच नव्हते; मग चहा पिऊन परत येतो. एक-दोनदा असेही झाले की, आम्ही दारात उभे आहोत हे पाहून गल्लीच्या तोंडाशी जमलेली माणसे पांगली. याहून मोठा पराक्रम आमच्या नावावर नाही.

आज या मांडवात आपण शेकडो माणसे शेजारी शेजारी बसलो आहोत. व्याख्यान संपल्यावर आपण आपापल्या घरी जाल. जाताना एवढेच मनाशी आठवून पाहावे की, आपल्या गावात अशी कोणती आळी आहे जिच्यात आपण गेल्या वर्षात एकदाही पाऊल टाकलेले नाही, आणि तेथे आपल्या ओळखीचे दार एक तरी आहे की नाही. नसेल, तर या उन्हाळ्यात ते करून घ्यावे. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.